बॅटन पोचली पाहिजे वेगात : रिलेविषयी वाचकांचे प्रश्न

महिलांच्या ४×१०० मीटर रिलेवर पुणे आणि परिसरातून बरेच प्रश्न आले. या शर्यतीत चौघी एकीपाठोपाठ एक धावतात आणि बॅटन, म्हणजे हातातली छोटी नळी, पुढचीला देतात. या देण्याघेण्याला बदली म्हणतात आणि ती ट्रॅकवर आखलेल्या पट्ट्यातच, म्हणजे झोनमध्येच, व्हावी लागते. शालेय स्पर्धांचे दिवस असल्याने त्यातले सरावाचे प्रश्न आधी निवडले आहेत.

अमेरिकेच्या मुलींचा २०१२ मधला विश्वविक्रम ४०.८२ सेकंदांचा. चारने भागलं तर प्रत्येकीला १०.२ सेकंद. पण १०० मीटरचा महिलांचा विश्वविक्रमच १०.४९ आहे. मग हे कसं जमतं?
— एक वाचक, कोथरूड

थांबलेल्या जागेवरून फक्त पहिली सुटते. बाकी तिघींच्या हातात बॅटन येते तेव्हा त्या वेगात असतात. १०० मीटरच्या शर्यतीत सगळ्यात जास्त वेळ खातात ते सुरुवातीचे वीस-तीस मीटर, आणि तिघींचा तो वेळ बॅटनच्या हिशोबात धरलाच जात नाही. शिवाय देणारीचा हात पुढे आणि घेणारीचा मागे असतो, त्यामुळे दर बदलीत मीटरभर अंतर कोणीही न धावता कापलं जातं. लंडन ऑलिंपिकच्या त्या संघात टियाना मॅडिसन, अ‍ॅलिसन फेलिक्स, बियान्का नाइट आणि कार्मेलिटा जेटर होत्या. पूर्व जर्मनीचा ४१.३७ चा विक्रम १९८५ पासून टिकून होता, तो त्यांनी अर्ध्या सेकंदाहून जास्त फरकाने मोडला.

आमच्या १७ वर्षांखालील मुली एकेकट्या छान धावतात, पण बदलीत हमखास घोळ होतो. घेणारीने नेमकं कधी सुटायचं? चेक मार्क किती पावलांवर ठेवायचा?
— एक क्रीडाशिक्षिका, भोसरी

चेक मार्क म्हणजे ट्रॅकवरची खूण; देणारी तिथे पोचली की घेणारी सुटते. ‘२० पावलं ठेवा’ असं ठोक उत्तर देणारे बरेच भेटतील. प्रत्येक जोडीचा आकडा वेगळा असतो आणि तो घड्याळ लावूनच काढावा लागतो.

आधी देणारीचा वेग काढा. ताज्या दमाने पळवून मोजू नका. तिला पूर्ण १०० मीटर पळवा आणि शेवटच्या २० मीटरची वेळ घ्या. ती २.६ सेकंद आली, तर वेग सेकंदाला साधारण ७.७ मीटर. मग घेणारीला झोनच्या सुरुवातीच्या रेषेवर उभं करा. तुमचा हात खाली येताच तिने सुटायचं आणि घड्याळही त्याच क्षणी सुरू करायचं, म्हणजे तिला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ आपोआप त्यात येतो. २० मीटरला समजा ३.४ सेकंद लागले. तेवढ्या वेळात देणारी ७.७ × ३.४, म्हणजे सुमारे २६.२ मीटर येईल. बॅटन देताना दोघींमध्ये हातांचं मिळून एक मीटर अंतर हवं, म्हणून देणारी १९ मीटरवर असायला हवी. २६.२ मधून १९ गेले, उरले ७.२ मीटर. घेणारीच्या उभं राहण्याच्या जागेपासून मागे इतक्या अंतरावर खूण. बूट २६ सेंटिमीटरचा असेल तर टाचेला चवडा जोडून साधारण २८ पावलं.

पहिल्या दिवशी मात्र २४ पावलांवरच खूण करा. खूण जवळ असली की घेणारी उशिरा सुटते, दोघी एकमेकींना चिकटतात, पण बॅटन झोनमध्ये नक्की मिळते. मग एकेक पाऊल वाढवत न्या. देणारी अंगावर येत असेल तर खूण मागे सरकवा. घेणारी निसटून जात असेल तर पुढे घ्या. हे सगळं पूर्ण वेगातच करायचं. जॉगिंग करत बसवलेली पावलं स्पर्धेच्या दिवशी कुचकामी ठरतात.

सिंथेटिक ट्रॅकवर आपल्या लेनमध्ये ५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांबपर्यंतची एकच टेप लावता येते. मातीवर टेप धरत नाही. सरावात फक्कीची रेघ ओढा. स्पर्धेत पंचांना विचारून टाचेने रेघ मारा.

इतकं करूनही बिघडतं ते तीन ठिकाणी. घेणारी मागे वळून बघते आणि वेग जातो. खुणेवर देणारीचं पाऊल पडलं की मान पुढे करून पळायचं, बस्स. देणारी हात पुढे ताणून पाच-सहा पावलं तशीच धावते आणि मंदावते. ‘हात!’ अशी एकच हाक द्यावी, घेणारीचा हात मागे येऊन स्थिर झाला की बॅटन तळव्यात ढकलावी. तिसरं बॅटन धरण्याचं. ती जेमतेम २८ ते ३० सेंटिमीटर लांब असते. खालून वर देण्याच्या पद्धतीत दर बदलीला धरायची जागा कमी होत जाते आणि चौथीच्या हाती नुसतं टोक येतं. वरून किंवा सरळ ढकलून द्या, खालचं टोक धरून.

दोन्ही मुली रेषांच्या आत असूनही मुलीच्या संघाला बाद केलं. हा अन्याय नाही का?
— एक पालक, सिंहगड रस्ता

मुली कुठे होत्या याला महत्त्व नाही, बॅटन कुठे होती ते पाहतात. घेणारीच्या हाताचा बॅटनला पहिला स्पर्श झोनमध्ये व्हायला हवा आणि बॅटन पूर्णपणे तिच्या एकटीच्या हातात आली, तो क्षणही झोनच्या आतच हवा. घेणारी आत आणि तिने मागे केलेला हात रेषेच्या बाहेर, असं सहज होतं. आणखी एक शक्यता आहे. आधी २० मीटरचा झोन आणि त्याच्या मागे वेग घेण्यासाठी १० मीटर अशी आखणी असे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून दोन्ही मिळून ३० मीटरचा एकच झोन झाला. काही मैदानांवर जुन्या खुणा पुसलेल्या नसतात. कोणती रेषा धरणार, हे शर्यतीआधी पंचांना विचारून घ्यावं.

सगळ्यात वेगवान मुलगी शेवटी ठेवायची ना?
— एक वाचक, हडपसर

ठेवतात बरेच, पण आकडे बघा. झोनमध्ये शिरून २५ मीटरवर बदली धरली, तर बॅटन हातात येण्याआधीचं धावणं धरून पहिली १०५ मीटर धावते, दुसरी आणि तिसरी १२५, चौथी १२०. टोकिओ ऑलिंपिकमध्ये जमैकाने १०० मीटरची विजेती इलेन थॉम्पसन-हेरा हिला दुसऱ्या टप्प्यावर ठेवलं, शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइसला तिसऱ्या, आणि ४१.०२ सेकंदांत सुवर्ण नेलं. स्टार्टिंग ब्लॉकमधून (सुरुवातीला पाय टेकवायचा आधार) उत्तम सुटणारी आणि वळण छान घेणारी पहिली. दुसरीला लांब सरळ पल्ला, शिवाय घेणं-देणं दोन्ही. तिसरी वळणाची. चौथीला बॅटन फक्त घ्यायची असते, म्हणून आमच्या मते बदलीत कच्ची असलेली वेगवान मुलगी तिथे लपवता येते. बॅटन उजव्या, डाव्या, उजव्या, डाव्या हातात, या क्रमाने. पहिली आणि तिसरी लेनच्या आतल्या बाजूने धावतात, दुसरी आणि चौथी बाहेरच्या.

बॅटन पडली की शर्यत संपली का?
— एक विद्यार्थिनी, चिंचवड

पदक बहुधा गेलं, पण बाद होत नाही. जिच्या हातून पडली तिनेच उचलायची. त्यासाठी लेन सोडता येते, मात्र इतरांना अडथळा नको आणि अंतर वाचता कामा नये. बॅटन पुढे उडाली असेल तर उचलून, ती जिथे हातातून सुटली त्या जागी परत येऊन धावायचं. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली ब्राझीलच्या धावपटूचा धक्का लागून फेलिक्सची बॅटन पडली, तरी संघाने ती उचलून शर्यत पूर्ण केली. तक्रार मान्य झाल्यावर अमेरिकेला एकटीलाच पुन्हा धावू दिलं. त्यांनी ४१.७७ ची वेळ दिली, आणि अंतिम फेरीत पहिल्या लेनमधून ४१.०१ मध्ये सुवर्ण.

पावसात बॅटन निसटू नये म्हणून हातमोजे किंवा राळ चालेल?
— एक वाचक, बालेवाडी

नाही. पकड वाढवायला हातमोजे किंवा हाताला काही चोपडणं नियमात बसत नाही. पॅरिस ऑलिंपिकची २०२४ ची अंतिम फेरी पावसातच झाली. अमेरिका जिंकली ती ४१.७८ मध्ये, आदल्या वर्षी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ४१.०३ दिली होती. ओल्या ट्रॅकवर देणारी थोडी मंदावते, म्हणून वॉर्म-अपमध्ये एक बदली पूर्ण वेगात करून बघा आणि गरज पडली तर खूण अर्धं-एक पाऊल जवळ घ्या. पिशवीत कोरडा पंचा ठेवा. पहिलीने ब्लॉकवर जाण्याआधी बॅटन पुसावी, बाकीच्यांनी नुसते हात.