वाचकांचे प्रश्न : तळीरामाला हशा, सुधाकरासाठी हळहळ

प्रश्न : गुहागर तालुक्यातील आमच्या गावी देवीच्या उत्सवात दरवर्षी गावकऱ्यांचे नाटक होते. यंदा आम्ही राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ थोडी काटछाट करून केले. तळीराम रंगमंचावर आला रे आला की मांडवात हशा पिकत होता आणि सुधाकर झिंगत आला की पुढे बसलेल्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. वास्तविक दोघेही दारुडे आणि दोघांनीही संसाराची धूळधाण केलेली. मग एकाला हसावे आणि दुसऱ्यासाठी रडावे, हे नाटककाराने ठरवून घडवले आहे की ही नटांची करामत समजायची? शिवाय आमचा तळीराम पदरची वाक्ये घालतो. पुढच्या प्रयोगात त्याला आवरावे काय?
– एक हौशी दिग्दर्शक

उत्तर : नटांचे श्रेय हिरावून न घेता सांगतो, की हे बरेचसे ठरवूनच घडवलेले आहे. निव्वळ कृत्ये मोजायची म्हटली, तर सुधाकराचे पारडे तळीरामापेक्षा कितीतरी जड भरेल. दारूच्या धुंदीत त्याच्या हातून तान्हे मूल जाते, बायको सिंधूला जीवघेणा मार बसतो. एवढे होऊनही मांडव त्याच्यासाठी हळहळतो, याचा अर्थ प्रेक्षकाची सहानुभूती कोणी काय केले यावर ठरत नसून, नाटककाराने ते कोणाच्या नजरेतून आणि कोणत्या क्रमाने दाखवले यावर ठरत असते.

क्रम आधी पाहू. कोकणात शिमग्यात संकासुराचे सोंग दारात आले की ते काय करणार हे पोराटोरांनाही ठाऊक असते. तळीराम तसाच, तयार होऊनच आपल्यासमोर येतो. तो दारू का प्यायला लागला, त्याआधी कसा होता, हे विचारायची आपल्याला गरजच वाटत नाही. सुधाकर मात्र शुद्धीवर असताना आपल्याला भेटतो. तो हुशार वकील आहे, सिंधूचा लाडका नवरा आहे, रामलालसारखा सज्जन त्याचा जिवलग मित्र आहे आणि तो विलक्षण मानी आहे. भर कोर्टात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, सनद तात्पुरती हातची जाते, आणि त्या अपमानाच्या जळजळीवर औषध म्हणून त्याचाच कारकून तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला करतो. आपण सुधाकराच्या व्यसनाचे साक्षीदार असतो, तळीरामाच्या व्यसनाचे फक्त पाहुणे.

या पहिल्या प्याल्याकडे दिग्दर्शकाने बारकाईने पाहावे. तळीरामाचे युक्तिवाद इतके चटपटीत आहेत की प्रेक्षक हसत हसत त्याच्या बाजूला सरकतो, आणि सुधाकर पेला उचलतो तेव्हा मांडवातला हशा पुरता विरलेला नसतो. पेल्यात आपण कोरा चहा भरलेला असतो हे सगळ्या गावाला माहीत असते, तरी त्या क्षणी आपणही मनातल्या मनात एक घोट घेतलेला असतो. दारुड्यांच्या ‘आर्य मदिरा मंडळा’च्या प्रवेशातही हेच घडते. ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख लिहिणाऱ्या गडकऱ्यांनी आपले विनोदाचे भांडार तळीरामाच्या ओंजळीत ओतले ते केवळ करमणुकीसाठी नव्हे. दारूचे आकर्षण प्रेक्षकाला आतून कळावे, यासाठी त्यांना हसवणे भाग होते.

तरीही माझ्या मते खरी किल्ली दोघांच्या बायकांकडे आहे. सुधाकराला आपण सिंधूच्या डोळ्यांनी पाहतो आणि तळीरामाला गीतेच्या. गीता फटकळ आहे, नवऱ्याचे अवगुण ती तोंडावर बोलून दाखवते, आणि तिच्या बोलण्यात राग असला तरी तो आपल्याला हसवतो. तळीरामाविषयी आपल्या मनात जो काही निवाडा व्हायचा, तो ती आपल्या वतीने करून टाकते. सिंधू निवाडा करतच नाही. भाऊ पद्माकर तिला माहेरी न्यायला येतो तेव्हा ती पतीचे पाय सोडायला तयार नसते. लोकांची दळणे दळून ती दिवस काढते आणि शेवटी फौजदार समोर उभा असताना मरणाच्या दारातूनही नवऱ्याला पाठीशी घालते. जिने सर्वांत जास्त सोसले तीच त्याला दोषी ठरवत नाही म्हटल्यावर प्रेक्षकाचीही जीभ रेटत नाही. त्यात नाटकातली काही अत्यंत हृदयस्पर्शी पदे सिंधूच्या वाट्याला आलेली आहेत. ही पदे वि. सी. गुर्जर यांची. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस यांच्या सुधाकरासमोर ठिगळाचे लुगडे नेसलेली बालगंधर्वांची सिंधू उभी राहिली, तेव्हा त्या लुगड्याने सुधाकराची केवढी वकिली केली असेल, याची कल्पना करावी.

आणखी एक भेद आहे. सुधाकराला स्वतःकडे पाहता येते. दारू माणसाला पायरीपायरीने कशी खाली नेते, हे तो रामलालला ज्या स्वच्छ बुद्धीने समजावून सांगतो, त्या बुद्धीचाच नाश आपण पाहत असतो. तळीराम दारूवर पुष्कळ बोलतो, स्वतःवर मात्र कधीच नाही. त्याच्या आजारपणातही वैद्य आणि डॉक्टर यांची जुंपते, आणि खाटेवरचा रोगी बाजूला राहून हशा त्या भांडणाला मिळतो.

इथे मला गडकऱ्यांशी थोडे भांडावेसे वाटते. वकिलाच्या व्यसनाला शोकांतिका आणि कारकुनाच्या व्यसनाला प्रहसन, या वाटणीत त्या काळच्या पांढरपेशा समाजाची नजर आहेच. गीतेचे हाल सिंधूच्या हालांहून हलके होते, असे नाटकात कुठेही सिद्ध होत नाही. ते फक्त हलक्या आवाजात सांगितले जातात. आपल्या गीतेने एखादे वाक्य हशाची वाट न पाहता, सरळ आणि थांबून म्हटले, तर मांडव क्षणभर चपापेल. करून पाहण्यासारखे आहे.

आता आपल्या तळीरामाविषयी. पहिल्या प्याल्यापर्यंत आणि मदिरा मंडळात त्याने गावच्या बोलीतले एखादे वाक्य घातले तर बिघडत नाही. प्रेक्षक त्याच्याकडे जितका ओढला जाईल तितके बरेच. मात्र ज्या प्रवेशात सुधाकर किंवा सिंधू समोर आहे, तिथे लेखी संहितेबाहेर एक अक्षरही नको, कारण तिथे मिळालेला हशा सुधाकराच्या खात्यातून वजा होतो. सर्वांत जपायचे ते त्याच्या आजारपणाच्या प्रवेशात. उत्सवी नाटकात वैद्य-डॉक्टरांचे भांडण हमखास लांबते आणि दोन्ही नट टाळ्यांच्या मागे लागतात. त्यांचे भांडण अर्धे करावे आणि तळीरामाचे अंथरूण कोपऱ्यात न टाकता मध्यभागी, प्रेक्षकांना त्याचा चेहरा दिसेल असे टाकावे.