बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. सायबर सिक्युरिटीत करिअरसाठी ८५ हजारांचा एथिकल हॅकिंगचा कोर्स करावा का?

नको करूस. लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

तू लिहिलंयस की क्लासवाले सहा महिन्यांत हॅकर बनवतो म्हणतात, वडील कर्ज काढायला तयार आहेत, कॉलेजच्या साइटमध्ये तुला काहीतरी 'होल' दिसतंय ते ट्राय करावंसं वाटतंय, आणि नेटवर्किंगच्या तासाला झोप येते कारण 'ते केबल-राउटरवाल्यांचं काम आहे'. बाकीचं वाचून पुढे गेलो असतो. या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो.

मी सांगलीत हार्डवेअर मेंटेनन्सच्या एका फर्ममध्ये होतो. पतसंस्था, सीएंची ऑफिसं, एका सहकारी बँकेच्या शाखा, असे आमचे गिऱ्हाईक. १२ मे २०१७ ला, शुक्रवारी, वॉनाक्राय पसरलं, म्हणजे पीसीतल्या फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस. रात्री टीव्हीवर ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांच्या बातम्या. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, बँका बंद, एवढंच आमचं नशीब. मायक्रोसॉफ्टनं पॅच, म्हणजे विंडोजमधलं भोक बुजवणारं अपडेट, मार्चमध्येच दिला होता, पण शाखांमध्ये लाइन स्लो म्हणून अपडेट बंद करून ठेवलेले. मग पॅच पेनड्राइव्हवर घेतला आणि बाइकवर शाखा-शाखा फिरलो. एखाद्या विंडोज सेव्हनवर सर्व्हिस पॅक १ च नसायचा. आधी तो टाका, रीस्टार्ट, मग पॅच, परत रीस्टार्ट. एका शाखेत पासबुक प्रिंटर एक्सपीच्या मशीनला जोडलेला, कारण नव्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हरच मिळत नव्हता. एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपलेला, तरी मायक्रोसॉफ्टनं त्या वीकेंडला त्याच्यासाठीही पॅच सोडला. तो टाकला. बाकी मशीनवर एसएमबी व्हर्जन १, म्हणजे विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, बंद केलं, कारण हा व्हायरस त्याच वाटेनं, ४४५ पोर्टवरून, शेजारच्या पीसीत शिरत होता. एक्सपीला व्हर्जन १ शिवाय दुसरं काही येतच नाही, म्हणून त्याचं शेअरिंगच काढून टाकलं.

सोमवारी शाखा उघडल्या उघडल्या फोन. झेरॉक्स मशीनमधून स्कॅन होईना. मशीन जुनं, केवायसीची पानं शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायचं ते एसएमबी १ वरूनच. काउंटरला रांग, आणि मॅनेजर साहेब सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "व्हायरस परवडला, तुम्ही नको." मशीनच्या मेन्यूत एफटीपीचा, म्हणजे फाइल पाठवायच्या दुसऱ्या एका पद्धतीचा, पर्याय होता. एका पीसीवर छोटा एफटीपी सर्व्हर चढवला, आणि एफटीपी पासवर्ड उघडाच पाठवतं म्हणून फायरवॉलमध्ये फक्त त्या मशीनच्या आयपीला परवानगी दिली. स्कॅनिंग सुरू. एकाही शाखेला काही झालं नाही. आमच्या मालकांनी मात्र ओव्हरटाइम कापला. म्हणाले, काही झालंच नाही तर ओव्हरटाइम कसला?

त्याच आठवड्यात ताईकडे जेवायला गेलो. दाजींच्या हातात पेपर. "इंग्लंडचा पोरगा बघ, बावीस वर्षांचा! एक डोमेन विकत घेतलं आणि जगातला व्हायरस थांबवला. याला म्हणायचं सायबर सिक्युरिटी. तू बस प्रिंटर जोडत." पाहुण्यांसमोर. ताईचं घर, मी गप्प बसलो.

तेव्हा दिलं नाही ते उत्तर आता देतो. तो पोरगा म्हणजे मार्कस हचिन्स. व्हायरस कुणीच न घेतलेल्या एका डोमेनला, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याला, हाक मारतोय हे त्याला दिसलं, त्यानं दहा-अकरा डॉलरला ते नावावर केलं. असली डोमेन घेऊन कुठली मशीन तिथं येतात ते बघणं हे त्याचं रोजचं काम होतं. डोमेन घेतल्यानं व्हायरस थांबेल हे त्यालाही आधी माहीत नव्हतं. पोरगा हुशार, वादच नाही. पण वॉनाक्राय थांबायचं ते त्या पत्त्यावरून उत्तर आलं तरच, आणि प्रॉक्सीमागच्या, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमधूनच इंटरनेट मिळणाऱ्या, मशीनवरून त्याला तो पत्ता लागायचाच नाही. आमच्या शाखांचं इंटरनेट प्रॉक्सीमागेच होतं. म्हणजे दाजींचा हिरो तिथं काही कामाचा नव्हता. उपयोगी पडला तो पॅच.

आणि पुढचं पेपरात दाजींनी वाचलं की नाही कोण जाणे. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच हचिन्सला अमेरिकेत अटक झाली, क्रोनोस नावाचा बँकांचे पासवर्ड चोरणारा मालवेअर पूर्वी लिहिला म्हणून. २०१९ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी नंतरचं चांगलं काम बघून जास्तीची कैद न देता सोडलं. तुझ्या कॉलेजच्या साइटचा निकाल इथंच लागला: हात लावू नकोस. परवानगीशिवाय घुसलास तर आयटी कायद्याचं कलम ६६ आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जे नुसतं बघताना दिसलंय ते लिहून प्राचार्यांना दे, नाहीतर सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटना बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, ईमेल कर.

हल्ली मी पुण्यात फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. लॅपटॉपवर काली लिनक्सचा, म्हणजे हॅकिंगची टूल्स भरलेल्या लिनक्सचा, स्टिकर आणि फाइलमध्ये सर्टिफिकेटांची चळत. मी एवढंच विचारतो, ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर मारलास, पुढे काय काय होतं? डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधणं, त्याच्या पुढे गाडी सरकत नाही. ज्या तासाला तू झोपतोस ना, तोच तास विचारतो मी.

फुकटात बरंच आहे. ओव्हर-द-वायर साइटवरचा बँडिट हा कोड्यांचा खेळ सोडव, लिनक्स हाताला बसेल. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी कर. घरच्या वायफायवर वायरशार्क हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर लावून आपलीच पॅकेट्स वाच. बीसीएनंतर एमसीए केलंस तर सरकारी सीडॅकचा डिटिस हा पीजी डिप्लोमा आहे. पहिली नोकरी बहुतेक एसओसीत (सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये), नाइट शिफ्टची, लॉग म्हणजे मशीनच्या नोंदी बघायची. २०२२ पासून कंपन्यांना सर्ट-इनला सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, ते वाचायला माणसं लागतातच.

सगळे क्लास भंपक आहेत असं नाही. काही कंपन्यांचे एचआर सीईएच, म्हणजे सर्टिफाइड एथिकल हॅकरचं सर्टिफिकेट, बघितल्याशिवाय बायोडेटा पुढे सरकवत नाहीत, हेही खरं. पण ते नोकरी लागल्यावर, कंपनीच्या पैशानं. वडिलांच्या कर्जावर नको.

आणि दाजी, तुम्ही इथं वाचत असता हे ताईनं सांगितलंय. दुकानात जीएसटीची बिलं निघतात त्या पीसीवर अजून विंडोज सेव्हनच आहे. रविवारी येतो. प्रिंटरही बघून देतो.