डिस्क्रीट मॅथ्स जमत नाही म्हणून ब्रँच बदलू का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळेत गणितात कायम चांगले मार्क, आता कॉम्प्युटर सायन्सचं पहिलं वर्ष, प्रोग्रॅमिंग बरं चाललंय, पण डिस्क्रीट मॅथ्सचं (पूर्ण संख्या, तर्क, ग्राफ, प्रूफ असलं सुटं-सुटं मोजता येणारं गणित) लेक्चर ऐकताना सगळं कळतं आणि रात्री कोरा कागद समोर घेतला की पहिली ओळसुद्धा सुचत नाही, आणि इंडक्शन (एका पायरीवरून पुढची पायरी सिद्ध करत सगळ्या संख्या गाठायची पद्धत) तर तुला चक्क फसवणूक वाटते कारण "जे सिद्ध करायचं तेच आधी धरून चालतात". म्हणून ब्रँच बदलू का, असं विचारलंयस.

नको बदलू. निदान या कारणासाठी तरी नको. उलट इंडक्शनबद्दल ही शंका येणं मला फार चांगलं लक्षण वाटतं, बरेच जण त्या स्टेप पाठ करून मोकळे होतात. तर आधी तेच बघू.

वहीत एक ठिपका काढ. त्याला उजवीकडे एक, खाली एक आणि कोपऱ्यात एक असे ३ ठिपके लाव, २ बाय २ चा चौकोन झाला. तशीच ५ ठिपक्यांची किनार लाव, ३ बाय ३ झाला. मग ७ ची लाव, ४ बाय ४. म्हणजे १+३+५+७ = १६, ४ चा वर्ग. १ पासून ओळीने घेतलेल्या विषम संख्यांची बेरीज नेहमी असा वर्गच येते, हे दाखवायचंय. आता समज एन बाय एन चौकोन तयार आहे, तर पुढच्या किनारीला किती ठिपके लागतील? उजवीकडे एन, खाली एन, कोपऱ्यात १, म्हणजे २एन+१, आणि बेरजेत पुढची विषम संख्या नेमकी तीच येते. बघ, सगळ्या संख्यांसाठी हे खरं आहे असं आपण कुठेच धरलं नाही, फक्त "एका चौकोनापर्यंत पोचलो असू तर पुढचाही होतो" एवढंच दाखवलं. सगळा जीव त्या "असू तर" मध्ये आहे. आणि पहिला ठिपका काढलाच नसता तर त्या "असू तर" चा काही उपयोग नव्हता, बेस केस लागते ती त्यासाठी.

आता कोऱ्या कागदाचं. शाळेत कुठला फॉर्म्युला लावायचा ते धड्याच्या नावावरूनच कळायचं, इथे ते कोणी सांगत नाही, त्यामुळे अडकलास की दोन गोष्टी कर. आधी व्याख्या शब्दशः लिहून काढ, कारण निम्म्या वेळा अडचण तिथेच असते, विषम म्हणजे २के+१ असं लिहिता येणारी संख्या हे कागदावर आलं की पुढची ओळ आपोआप दिसते. आणि १, २, ३, ४ घेऊन हाताने करून बघ.

कोड येतो तर तोही वापर, पण जपून. एन वर्ग + एन + ४१ ही राशी घे, ऑयलरच्या नावाने प्रसिद्ध आहे. एन ० पासून ३९ पर्यंत ठेवलास तर ४० च्या ४० उत्तरं प्राइम येतात, वाटतं झालं सिद्ध, आणि ४० ठेवला की १६८१ येतात, म्हणजे ४१ × ४१. प्रोग्रॅम चालवून अंदाज बांधता येतो, प्रूफ होत नाही, हे एकदा स्वतः रन करून बघच.

सोडवलेलं प्रूफ वाचलंस की पुस्तक मिट आणि तेच पूर्ण वाक्यांत स्वतः लिही, नुसती चिन्हं नकोत. मग मित्राला वाचायला दे, तो जिथे "हे कशावरून?" म्हणेल तिथे भोक आहे. हे कंटाळवाणं आहे, वेळ खातं, पण मला तरी दुसरा रस्ता माहीत नाही.

उपयोगाचं विचारलंस म्हणून सांगतो. रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच कॉल करणारं फंक्शन, लिहितोस ना, ते बरोबर चालतं हे इंडक्शननेच दाखवतात. क्लॉड शॅननने १९३७ मध्ये मास्टर्सच्या थिसिसमध्ये बूलियन अल्जिब्रा (नुसत्या खरं-खोटं, १-० चं बीजगणित) स्विचिंग सर्किटला लावून दाखवली. १९७७ चं आरएसए एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेज गुप्त ठेवायची पद्धत, मॉड्युलर अरिथमेटिकवर (भागून उरणाऱ्या बाकीच्या गणितावर) उभं आहे. आणि पुढे अल्गोरिदमच्या विषयात ग्राफ, म्हणजे टिंबं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, पावलोपावली भेटतील, तेव्हा आत्ताचे हे महिने कामी येतील.

या आठवड्यात एकच कर. ५ जण आहेत, प्रत्येकाने इतरांपैकी बरोबर ३ जणांशी हात मिळवला, असं होऊ शकतं का? उत्तर नेटवर शोधू नकोस, ५ टिंबं काढून रेघा मारत बस, मग एकूण हस्तांदोलनं मोजायला लाग, आणि जे दिसेल ते चार ओळींत लिहून मला पाठव, चुकलं तरी चालेल.