डोकं दुखत नाही, तरी तपासणी करू का?

प्रश्न : मी ४२ वर्षांची, लालबागला राहते. आई मेंदूतली रक्तवाहिनी फुटून गेली, गेल्या वर्षी थोरल्या भावाचंही तसंच झालं. मला काहीच त्रास नाही. सीटी स्कॅन करून घेऊ का?

उत्तर : ताई, तपासणी कराच, पण साधा सीटी नको. रक्तवाहिनीची भिंत कमकुवत होऊन फुगते, तो फुगा (अॅन्युरिझम) फुटतो. न फुटलेला फुगा साध्या सीटीत बहुधा दिसतच नाही. घरातल्या सख्ख्या दोघांना झालंय, म्हणून तुम्ही एमआर अँजिओग्राफी, म्हणजे एमआरआय यंत्रावर रक्तवाहिन्यांचं चित्र, करावी. त्यात क्ष-किरण नाहीत, बहुतेकदा सुईही नाही. वाहणारं रक्तच चित्रात चमकतं. मंगळसूत्र, पिना काढून ठेवा. यंत्राचा ठकठकाट मोठा असतो, घाबरू नका.

मी ते चित्र पडद्यावर सावकाश फिरवून पाहते. धमनीला जिथे फाटा फुटतो त्या बेचक्यात नजर थांबते, कारण फुगा बहुतेक तिथेच धरतो, फांदीला बोर लागावं तसा. ३ मिमीहून लहान असेल तर निसटू शकतो. शंका आली तर सीटी अँजिओ (शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी) किंवा धमनीत बारीक नळी (कॅथेटर) घालून डीएसए, म्हणजे रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र, करतात.

सापडला तरी लगेच ऑपरेशन असं नसतं. साधारण शंभरात तिघांच्या मेंदूत असा फुगा असतो, बहुतेकांचा कधीच फुटत नाही. आकार, जागा, रक्तदाब पाहून ठरतं. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर आजच बंद करायला लावा.

आणि कधी क्षणात असह्य डोकं उठलं, तर गोळी घेऊन पडून राहू नका. थेट केईएमच्या अपघात विभागात जा. तेव्हा मात्र आधी साधा सीटीच, कारण फुटून सांडलेलं रक्त त्यात दिसतं.