मशीनवर गेलेलं पोर परत येतं का?

प्रश्न असा होता: "माझा साडेचार वर्षांचा भाचा न्यूमोनियामुळे तीन दिवसांपासून जळगावला पीआयसीयूत (लहान मुलांच्या आयसीयूत) व्हेंटिलेटरवर आहे. गावातले म्हणतात, मशीनवर गेलेलं पोर परत येत नाही, नुसतं बिल वाढतं. डॉक्टर 'क्रिटिकल आहे' यापलीकडे बोलत नाहीत. मुंबईला हलवावं का?"

दादा, मी डॉक्टर नाही. बारा वर्षं झाली, खानदेशातच लहान मुलांच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. नातेवाईक 'ब्रदर' म्हणतात, अहिराणी बोलणारे सरळ 'भाऊ, पोऱ्या कसा शे?' म्हणून हात धरतात. तुमच्या भाच्याचा केसपेपर मी पाहिलेला नाही, त्यामुळे तो कसा आहे ते मी सांगू शकत नाही. बाहेरच्या बाकड्यावरून जे दिसत नाही तेवढं सांगतो.

गावातलं म्हणणं साफ खोटं असतं तर इतकी वर्षं टिकलं नसतं. मशीनवर जातात ती मुळातच सगळ्यात जास्त आजारी पोरं. त्यातली काही जातात, आणि पारावर चर्चा होते ती त्यांचीच. बरं होऊन बालवाडीत गेलेल्या पोराची कोण चर्चा करतो? श्रीमंत देशांत पीआयसीयूत आलेल्या शंभर मुलांमागे दोन-तीन दगावतात. आपल्याकडे आकडा बराच मोठा आहे. एक कारण मी रोज पाहतो: पोर आमच्या दारात येतं तेव्हा मेडिकलवाल्याची औषधं झालेली असतात, गावात दोन सलाईनं लागलेली असतात, तालुक्याला एक रात्र गेलेली असते.

मशीन स्वतः काही बरं करत नाही. पोर श्वास घेऊन घेऊन दमलेलं असतं, त्याच्या वतीने ते श्वास घेतं. अँटिबायोटिकला आणि शरीराला तेवढी उसंत मिळते, बस. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं पटापट जात होती. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यातून नळी घालून रबराच्या पिशवीने हवा द्यायला सुरुवात केली. मशीन पुरेशी नव्हतीच. मग मेडिकलचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस हाताने पिशव्या दाबत बसले. अशा रोग्यांतलं मरणाचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली मानतात. आमच्याकडे लाईट जाऊन मशीन बंद पडलं की आम्ही आजही तेच करतो, अँबू मारतो, म्हणजे तशीच पिशवी हाताने दाबतो.

म्हणून 'मशीनवर आहे' हे ऐकून काहीच कळत नाही. मशीनवर कशामुळे गेलं, ते विचारायचं असतं.

एक पोर मी विसरू शकत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा, सात वर्षांचा. जुलैचा महिना, बापाजवळ खळ्यात खाली झोपलेला. पहाटे पोट दुखतं म्हणाला, उलटी झाली. घरच्यांनी ओवा दिला, नजर काढली. उजाडल्यावर पापण्या उघडेनात, तोंडातून लाळ. आमच्याकडे आणला तेव्हा निळा पडला होता. मण्यार. हिच्या दंशाची खूण बऱ्याचदा सापडतसुद्धा नाही. नळी टाकली, सर्पविषावरच्या लसीच्या दहा बाटल्या दिल्या. मोठ्या माणसाला जेवढ्या तेवढ्याच लहानग्याला लागतात, कारण साप विष वजन बघून सोडत नाही. पण मण्यारीचं विष एकदा मज्जातंतूंच्या टोकाला बसलं की लस ते उपटून काढू शकत नाही. ती टोकं नव्याने सावरायला दिवस लागतात, आणि तोवर श्वास मशीननेच द्यावा लागतो. पोर लाकडासारखं पडलेलं. डोळ्यांत टॉर्च मारला तरी बाहुल्या हलत नव्हत्या. मेंदू मेल्यासारखं दिसतं ते, पण मण्यारीत तसं मानायचं नसतं. आजोबा भेटीच्या वेळी आत आले, बघितलं, आणि त्याच्या उशाशी उभं राहून मुलाला म्हणाले, लाकडांचं सांगून ठेव.

तिसऱ्या रात्री मी तोंडाची सफाई करताना सवयीने बोलत होतो. म्हटलं, आंगठा हलव रे. डाव्या पायाचा आंगठा हलला. मला वाटलं चादर ओढली गेली. पुन्हा म्हटलं, पुन्हा हलला. डॉक्टरांना मी रात्री अडीचला फोन केला आणि त्यांनी शिवी न देता ऐकून घेतलं, हेही लिहून ठेवतो. अकराव्या दिवशी पोर चालत घरी गेलं. जाताना आजोबांना विचारतो, "लाकडे कसाले?" म्हणजे लाकडं कशाला? त्याला सगळं ऐकू येत होतं.

तुमच्या भाच्याची गोष्ट ही नाही. न्यूमोनियात फुप्फुसच खराब झालेलं असतं, तिथे वाट लांबते आणि वळणंही जास्त. तरी आधी धडधाकट असलेलं पोर, बिघाड फक्त फुप्फुसात, बाकी अवयव शाबूत, असं असेल तर आमच्या वॉर्डात आम्ही आशेनेच काम करतो. काळजी वाढते ती एकेक अवयव जोडीला बसू लागला की. बीपी टिकवायला औषध लागतंय, लघवी बंद, रक्त गोठेना, असं होत गेलं की दर पायरीला धोका चढतो. पोर आधीच कुपोषित असेल, किंवा येण्यापूर्वीच हृदय एकदा बंद पडलेलं असेल, तर आणखी. धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या काही पोरांत आधीचं कुपोषण नाहीतर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार निघतो, आणि तिथे साधा न्यूमोनियासुद्धा साधा राहत नाही. घरात कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना न विचारता सांगा.

आता 'क्रिटिकल आहे' या उत्तराबद्दल. तुम्ही 'वाचेल ना?' विचारता, त्याला डॉक्टर दुसरं काय सांगणार? हो म्हटलं आणि काही झालं तर भांडण, नाही म्हटलं तर तुम्ही रात्रीच गाडी करणार. वेगळं विचारून बघा: मशीनमधून ऑक्सिजन काल किती टक्के द्यावा लागत होता, आज किती? काल ऐंशी, आज साठ, तर पोर सुधारणेकडे फिरलंय. पन्नासच्या खाली, चाळीसकडे येऊ लागलं की नळी काढायच्या गोष्टी सुरू होतात. बीपी टिकवायचं औषध चालू आहे का, कालपेक्षा वाढवलं की कमी केलं? लघवी किती झाली? तासाला किलोमागे साधारण एक मिली हा आमचा हिशेब. तुमचा भाचा पंधरा किलोचा असेल तर दिवसाला साडेतीनशे मिलीच्या आसपास. नाकातल्या नळीने दूध सुरू झालं का, पचतंय का? हे चार आकडे रोज त्याच वेळी वहीत लिहा. तीन दिवसांत दिशा तुमची तुम्हालाच दिसेल. आणि असे प्रश्न विचारणाऱ्या नातेवाईकाशी डॉक्टर जास्त बोलतात, हा माझा अनुभव. मॉनिटरच्या आवाजाला मात्र भिऊ नका. पोर खोकलं, बोटाचा चिमटा सरकला, तरी ते बोंब मारतं.

आपल्या भागातली खास तक्रार म्हणजे 'सलाईन का बंद केलं, बाटली लावा ना'. बाटली लटकलेली दिसली की उपचार चालू आहेत असं वाटतं. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३,१४१ मुलांवरचा एक अभ्यास आला. ताप असलेली, रक्ताभिसरण ढासळलेली मुलं. काहींना झपाट्याने सलाईन, काहींना अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण), काहींना तसं झपाट्याने काहीच नाही, फक्त नेहमीचं हळू पाणी. ४८ तासांत भरपूर पाणी दिलेल्या दोन्ही गटांत शंभरात साधारण साडेदहा दगावली, हळू दिलेल्यांत सव्वासात. तिथे व्हेंटिलेटर नव्हते, आजार वेगळे होते, हे खरं. पण तेव्हापासून बरेच डॉक्टर जपून पाणी देतात. हगवणीने सुकलेल्या पोराचा जीव तेच पाणी वाचवतं, आणि न्यूमोनियातल्या फुप्फुसात तेच पाणी झिरपतं. तुमच्या भाच्याचं सलाईन कमी केलं असेल तर ते दुर्लक्ष नव्हे.

हलवायचं का? मुंबई मोठी आहे म्हणून हलवू नका. तिथे असं काय आहे जे इथे नाही, हे डॉक्टरांकडून एका वाक्यात काढून घ्या. लहान मुलाचं डायलिसिस, एखादं ऑपरेशन, मुलांच्या आयसीयूचे तज्ज्ञ, असं ठोस उत्तर आलं तर जरूर हलवा, आणि लवकर. उत्तर आलं नाही तर व्हेंटिलेटर तिथेही तोच आहे. हिशेब बघा: अँब्युलन्समधला छोटा बी टाइप सिलिंडर म्हणजे सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन. मिनिटाला दहा लिटर धरला तर अडीच तास. जळगाव-मुंबई चारशे किलोमीटरच्या वर, आठ-नऊ तास. मोठे सिलिंडर किती, गाडीत मुलांचा व्हेंटिलेटर आहे का, नळी निघाली तर परत टाकू शकेल असा माणूस सोबत आहे का, आणि समोरच्या हॉस्पिटलने बेड नावाने राखलाय का, एवढं पक्कं झाल्याशिवाय चाक हलू देऊ नका. कसारा घाटात नळी निसटलेलं पोर कोण बघणार? छत्रपती संभाजीनगर किंवा नाशिकला भागत असेल तर रस्ता तेवढा कमी.

पैशांचं थोडक्यात: महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र हॉस्पिटलात बसतो का ते आजच बघा, रेशनकार्ड आणि आधार मागवून घ्या. हॉस्पिटल योजनेत नसेल तर बिल थकायची वाट न बघता मेडिकल कॉलेजला चौकशी करा.

तुमच्या बहिणीला एक आधीच सांगून ठेवा, नाहीतर दारातच कोसळेल. पोराचे हात मऊ पट्टीने पलंगाला बांधलेले दिसतील. छळ नाही तो. अर्धवट शुद्धीत पोर पहिला हात नळीलाच घालतं. तोंड सुजलेलं असेल, डोळ्यांत मलम घालून ते झाकलेले असतील. मशीन निघाल्यावर दोन-तीन दिवस तो कदाचित आईलाही ओळखणार नाही, थरथरेल, रात्रभर रडेल, आवाज घोगरा निघेल. बरेचदा तो झोपेच्या औषधांचा उतार असतो. पाय लटपटतील, पुन्हा अंथरूण ओलं करेल, दिवे घालवले की किंचाळेल. काहींना काही आठवडे लागतात, काहींना महिने. शाळेची घाई नको, आणि फॉलोअपला 'आता बराय' म्हणून दांडी मारू नका.

आज भेटीच्या वेळी आत सोडलं तर कोपरापर्यंत हात धुवा, मोबाईल बाहेर ठेवा आणि त्याच्या कानाशी बोला. शेळी व्याली, आंब्याला मोहोर आला, काय असेल ते. बिलाचं बाहेर येऊन बोला.