संदल वाजतो कसा काय? संदल तं चंदन ना!

पुण्याहून लग्नाला आलेल्या ताईंनी विचारलंय की नागपुरात सगळे "संदल सांगितला का, संदल किती वाजता येणार" विचारून राहिले (आपल्याकडे वरातीपुढे वाजवणाऱ्यांच्या ताफ्याला संदल म्हणतात), पण संदल म्हणजे तर चंदन, मग ते वरातीत वाजतं कसं?

ताई, तुमचं बरोबरच आहे, शब्द चंदनाचाच आहे. संस्कृत चंदन इराणात गेलं तिथे चंदल झालं, पुढे अरबांकडे गेलं पण अरबीत 'च' नाहीच, चीनलाही ते सीन म्हणतात, म्हणून चंदलचं झालं संदल. ग्रीकमधे सांतालोन, त्यातूनच इंग्रजीतलं सँडल (पायातली सँडल वेगळी बरं का, तिचा याच्याशी काही संबंध नाही) आणि चंदनाचं शास्त्रीय नाव सांतालुम आल्बुम.

आता वाजण्याचं. उरुसात चंदनाचा लेप मिरवत दर्ग्यात नेतात आणि मजारीला लावतात, त्या मिरवणुकीलाच संदल म्हणतात. आपल्याकडे ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या उरुसाला शाही संदल निघतो, बाबा १९२५ साली गेले. मिरवणूक म्हटली की पुढे ढोल-ताशे आलेच, लोक म्हणणार "संदल आला", अन् कानावर पडतो तो ठेका, तेव्हा माझ्या मते नाव लेपावरून मिरवणुकीला आणि मिरवणुकीवरून वाजवणाऱ्यांना चिकटलं. आता तं गणपती विसर्जनातही संदल असतो, तिथे चंदनाचा वास कुठे येतो बाप्पा, डिझेलचा येतो!

विचित्र वाटत असेल तर आरती बघा ना. आरती म्हणजे मुळात दिवा ओवाळणं, आपण मात्र आरती "म्हणतो". आणि माझा सगळ्यात लाडका शब्द नौबत, अरबीत त्याचा अर्थ पाळी, ठरल्या वेळी पाळीपाळीने वाजवायचं म्हणून वाजवण्याला नौबत म्हणू लागले, मग त्या मोठ्या नगाऱ्यालाच नौबत, तिकडे मोरोक्को-अल्जेरियात तोच शब्द नूबा होऊन अख्ख्या गाण्यांच्या मालिकेचं नाव झाला, आणि आपल्याकडे काय, तर "उसने मागायची नौबत आली"! म्हणजे पाळीच आली की.

तेव्हा ताई, वरातीत कोणी "संदल कुठे अडकला" म्हणून ओरडला तर उगाळायला सहाण शोधू नका, कानात कापूस ठेवा.