आता तू लाइनच्या बाहेर आहेस

अरे पोरा,

तुझा तो रात्री पावणेबाराचा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. म्हणे फुटबॉलच्या अंडर-थर्टीनच्या पोरांना घेऊन तीन मॅच झाल्या, तिन्ही हरलो, मला हे कोचिंग-बिचिंग जमणार नाही, गुडघा धड असता तर मीच आत उतरून दोन गोल मारले असते. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस, ऐकत नाहीस, म्हणून लिहितोय.

डिएगो फोर्लान आठवतो का रे? २०१६ ला इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीकडून खेळायला आलेला उरुग्वेचा. तुला मीच अंधेरीला नेलेलं, तेव्हा तुझं अर्धं लक्ष वडापावात होतं. केरळा ब्लास्टर्सला ५-० धुतलं त्यात ह्याची हॅटट्रिक, वय ३७! २०१० च्या वर्ल्ड कपात ५ गोल मारून गोल्डन बॉल, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, घेतलेला माणूस आपल्या अंधेरीच्या ग्राउंडवर, मला तर खरंच वाटत नव्हतं.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. लीगमध्ये आपण पहिले आलो आणि सेमीफायनल पडली कोलकात्याशी, दोन लेगची, म्हणजे दोन मॅचच्या गोलांची बेरीज. तिकडे पहिली लेग ३-२ हरलो, वर ह्याला रेड कार्ड, म्हणजे अंधेरीतल्या दुसऱ्या लेगला हा सस्पेंड. आणि गंमत बघ, त्या मॅचला हाफटाइमच्या आधीच कोलकात्याचा एक जण बाहेर गेला, अख्खा सेकंड हाफ समोर १० जण, बेरजेत बरोबरीला आपल्याला एकच गोल हवा होता आणि तो काही होईना. ०-०, खेळ खल्लास. ज्याच्या पायात तो गोल होता तो मात्र बाहेर. मी घरी येईपर्यंत चिडचिड करत होतो, बायको म्हणाली जेवा आता.

आता कळतंय की कोचची नोकरी म्हणजे दर आठवड्याला तीच रात्र. उत्तर तुझ्या पायात आहे आणि पाय लाइनच्या बाहेर आहेत. तुझ्या मेसेजमधलं ते "मीच उतरलो असतो" आहे ना, खरं दुखणं तिथे आहे, तीन मॅच हरण्यात नाही.

फोर्लान २०१९ ला रिटायर झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात थेट पेन्यारोलचा कोच झाला. हा उरुग्वेतला सगळ्यात मोठ्या दोन क्लबांपैकी एक, त्याचे वडील पाब्लो तिथे खेळलेले, हा स्वतः तिथे लीग जिंकलेला, आजोबा कोराझो तर उरुग्वेच्या टीमचे कोच होते, म्हणजे रक्तातच म्हण ना. तरी ११ मॅच! मध्ये कोरोनाने लीग बंद, ऑगस्टमध्ये परत सुरू झाली आणि महिना संपायच्या आत ह्याला काढलं. मग २०२१ ला सेकंड डिव्हिजनच्या आतेनासला गेला, तिथेही वर्ष पुरं झालं नाही.

लोक लगेच म्हणतात, बघा, चांगला प्लेयर चांगला कोच होत नाही. मला हे पटत नाही, ११ मॅचमध्ये कुणाचं काय कळतं? मँचेस्टर युनायटेडला गेला तेव्हा ह्याच माणसाला पहिला गोल मारायला जवळपास ८ महिने आणि २७ मॅच लागल्या, तोही पेनल्टीवर. इंग्लिश पेपरांनी काय कमी चेष्टा केली? (साउदॅम्प्टनविरुद्ध गोल मारून शर्ट काढला आणि परत घालताच येईना, हातात शर्ट घेऊन उघडाच पळत होता, तो व्हिडिओ बघ कधीतरी.) पण युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसन त्याला उतरवत राहिला. पुढे स्पेनमध्ये दोनदा टॉप स्कोरर झाला, विलारियालकडून २५ आणि अॅटलेटिकोकडून ३२ गोल. प्लेयर म्हणून चुकायला जेवढ्या मॅच मिळाल्या त्याच्या अर्ध्यासुद्धा पेन्यारोलने कोच म्हणून दिल्या नाहीत.

आणि माझं स्पष्ट मत आहे की त्याचा क्रम उलटा पडला. नाव मोठं म्हणून मोठं दार आधी उघडलं, आणि मोठ्या दारात शिकायला कोण देतं? आतेनास आधी आणि पेन्यारोल नंतर झालं असतं तर कदाचित, म्हणजे मला तरी असं वाटतं, चित्र वेगळं दिसलं असतं. तुझं नाव कुणाला माहीत नाही, तुझ्या मॅचला चार आया, दोन बाबा आणि एक कुत्रा, पेपरात काही येत नाही. अरे, ही केवढी मोठी सोय आहे!

आता मागच्या रविवारचं. मी झाडाखाली उभा होतो, तुला दिसलो नाही कारण तुझं लक्ष फक्त बॉलवर होतं. प्रत्येक पासला तू ओरडत होतास, "डावीकडे दे, मार, मार ना!" तो तुझा सात नंबरचा पोरगा बॉल पायात आला की आधी तुझ्याकडे बघतो, तेवढ्यात बॉल गेलेला असतो. प्रॅक्टिसलाही पोरांच्या दोन टीम करून खेळवतोस त्यात तू स्वतः घुसतोस आणि तीन जणांना काढून गोल मारतोस. पोरं टाळ्या वाजवतात. त्यांना काय मिळालं त्यातून?

महिनाभर प्रॅक्टिसमध्ये बॉलला पाय लावायचा नाही. मॅचमध्ये पहिली वीस मिनिटं तोंड बंद, वहीत लिही, कोण कुठे अडकतोय ते. हाफटाइमला एकच गोष्ट सांग, दोन नाही. त्रास होईल, होऊ दे.

शनिवारी सात वाजता ना मॅच? मी येतो. शिट्टी माझ्याकडे दे आणि पेन विसरू नकोस, मागच्या वेळी माझं नेलेलंस ते अजून दिलेलं नाहीस.

तुझे सर